वेट लेगला हात लावण्याआधी

पाण्याच्या बंद टाकीची लेव्हल डीपी ट्रान्समीटरने (दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारे यंत्र) मोजत असशील, तर आधी एलपी बाजूचा, म्हणजे वरच्या टॅपिंगकडून येणारा पाइप बघ. तो पाण्याने भरलेला, म्हणजे वेट लेग असेल आणि दोन्ही टॅपिंगमध्ये (टाकीला पाइप जोडायच्या वरच्या-खालच्या जागा) २००० मिमी अंतर असेल, तर ट्रान्समीटर खालच्या टॅपिंगपाशी धरून रेंज उणे २००० ते ० मिमी पाणी लागते. टाकी रिकामी असताना उणे आकडा दिसला म्हणून झीरो मारू नकोस, म्हणजे तो आकडा शून्यावर आणू नकोस, बाबा! झीरो तपासताना आधी दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व्ह (ट्रान्समीटरला टाकीपासून तोडणारे) बंद कर, मगच इक्वलायझर (दोन्ही बाजू एकमेकांना जोडणारा व्हॉल्व्ह) उघड. नाहीतर लेगमधले पाणी टाकीत निघून जाते. इक्वलायझर उघडल्यावर फरक ० होतो, म्हणून या रेंजला तेव्हा २० एमए (मिलीअँपिअर, म्हणजे पूर्ण लेव्हलचा सिग्नल) दिसायलाच हवेत. लेग गळाला की लेव्हल खोटीच जास्त दिसते. बॉयलर ड्रमवर हे फार घातक, म्हणून गेज ग्लासशी (पाण्याची पातळी थेट दाखवणारी काच) रोज ताडून बघ.