तारा बसवायच्या आधी

दातांना तारा बसवताना दुखत नाही गं, इंजेक्शनही नसतं. दात कोरडे करून एकेक ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचा छोटा तुकडा, चिकटवतात, निळ्या दिव्याने पक्कं करतात. तास-दीड तास आ वासून जबडा मात्र अवघडतो.

खरी गंमत नंतर. मी जळगावहून एसटीने चोपड्याला पोचेपर्यंत दात ठणकायला लागले, आणि ताटात कळण्याची भाकरी! चार-पाच दिवस केळी, खिचडी, भरीत खा. भरतात मिरची बेतानं, गाल आतून सोलवटतात. टोचणारं ब्रॅकेट पुसून त्यावर तारांसाठी मिळतं ते मेण वाटाण्याएवढं घेऊन दाब. ऊस, फुटाणे नकोच. माझं एक ब्रॅकेट फुटाण्यानेच निघालं. दर चार-सहा आठवड्यांनी तार आवळली की पुन्हा दोन दिवस खिचडी.