सर्व्हिस पॅकेज सोडा, वाढीव वॉरंटी घ्या

सांगलीहून एका शिक्षक वाचकांनी विचारलं आहे: "माझी एएमटी (आपोआप बदलणाऱ्या) गिअरची छोटी पेट्रोल कार पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. १५,००० किमी झाले आहेत. रोज शाळेपर्यंत जाऊन-येऊन ८ किमी, अधूनमधून कोल्हापूर, सुट्टीत कोकण. डीलर दोन गोष्टी एकत्र देतोय: पुढच्या तीन सर्व्हिसचं पॅकेज २३,४०० रुपयांना आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षाची वाढीव वॉरंटी ११,८०० ला. मागच्या सर्व्हिसचं बिल ८,२०० झालं होतं, त्यामुळे पॅकेज स्वस्त पडेल असं त्याचं म्हणणं आहे. एफडी मोडू, कार्डावर हप्ते करू, की दोन्ही सोडून ओळखीच्या गॅरेजात जाऊ?"

सर, डीलरने हे दोन्ही एका कागदावर लिहून दिलं असलं तरी निर्णय दोन वेगळे आहेत. सर्व्हिसिंग हा ठरलेला खर्च. कधी येणार आणि साधारण किती, हे आधीच माहीत असतं. त्याचे सगळे पैसे आधीच देण्यासाठी सूट भरघोस हवी. वॉरंटी म्हणजे विमा. येईल की नाही हे माहीत नसलेल्या, पण आला तर अंगावर येणाऱ्या खर्चासाठी तो असतो.

आधी ते ८,२०० चं बिल बघू, कारण पॅकेजची सगळी 'बचत' त्याच आकड्यावर उभी आहे. तुम्ही पाठवलेल्या बिलात इंजिन ऑइल ३.१ लिटर १,७५०, ऑइल फिल्टर १५०, ड्रेन प्लगचा (ऑइल काढायच्या बोल्टचा) वॉशर ३०, एसीचा केबिन फिल्टर ४२० आणि मजुरी १,७००, म्हणजे जीएसटी धरून ४,०५०. ही खरी सर्व्हिस. उरलेले ४,१५० असे: थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) क्लीनिंग ९५०, एसी डिसइन्फेक्शन १,१००, इंजिनमधलं ॲडिटिव्ह ६५०, चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००, इंजिन ड्रेसिंग ५५०. यातलं अलाइनमेंट तेवढं कामाचं, तेही दर १०,००० किमीला, किंवा स्टेअरिंग एका बाजूला ओढत असेल, टायरची एकच कड झिजत असेल तर. थ्रॉटल बॉडी साफ करायची ती गाडी उभी असताना इंजिनचा वेग वरखाली होत असेल तर. चांगल्या ग्रेडच्या ऑइलमध्ये लागणारी रसायनं आधीच असतात, वरून ॲडिटिव्ह ओतून काही मिळत नाही. इंजिन ड्रेसिंग म्हणजे प्लॅस्टिकवर चमक.

तीन सर्व्हिसचे १२,१५०. त्यात दोनदा अलाइनमेंट १,८००, दोनदा ब्रेक ऑइल २,२००, एकदा स्पार्क प्लग ९०० आणि एअर फिल्टर ४५० धरले की १७,५०० होतात. भाववाढ धरून १९,००० समजा. पॅकेज २३,४०० चं आहे. शिवाय ठरलेल्या मुदतीत गाडी नेली नाही तर ती सर्व्हिस सहसा बुडते, आणि गाडी विकली तर उरलेली नव्या मालकाला मिळेल की नाही हे कागदावर लिहिलेलं नाही. पॅकेज घेऊ नका.

मात्र दोन ठिकाणी काटकसर नको. फिरणं कमी आहे म्हणून ऑइल दोन वर्षं चालवावं, असं मनात येईल. रोजच्या चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल साचत राहतं. म्हणून १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. दुसरी जागा ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. आंबा घाट उतरताना सतत ब्रेक दाबले आणि आत वाफ झाली, तर पेडल मऊ पडून खाली जातं. दोन वर्षं होत आली, या सर्व्हिसला ते बदलून घ्याच.

आता वॉरंटी. साधा मॅन्युअल गिअर असता तर मी कदाचित नको म्हटलं असतं. एएमटीत क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही कामं ॲक्चुएटर नावाचा भाग करतो; तो गेला तर बिल दहा-दहा हजारांच्या पटीत जातं. एसीचा कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक स्टेअरिंग, इंजिनचा कंट्रोल युनिटही महागडे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बॅटरी, टायर हे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत येत नाहीत. ॲक्चुएटरचं नाव यादीत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच सही करा. वॉरंटी टिकवायची तर तिन्ही वर्षं अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच, वेळेत जावं लागेल. ओळखीच्या गॅरेजपेक्षा वर्षाला ८०० रुपये जास्त मजुरी धरली तर खरी किंमत १४,२०० होते. तरीही घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ वॉरंटी संपण्याआधीच घ्या. नंतर मिळाली तरी गाडीची तपासणी आणि जादा रक्कम मागतात.

हे ११,८०० बचत खात्यातून द्या. एफडी मोडून व्याज कमी करून घेऊ नका. 'नो कॉस्ट' हप्त्यांवरही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. आणि पुढच्या महिन्यापासून दरमहा १,२०० रुपयांची आरडी (आवर्ती ठेव) सुरू करा. तीन वर्षांत सर्व्हिसचे १९,०००, बॅटरीचे ५,००० आणि चार टायरचे १७,००० मिळून ४१,००० लागतील. आरडीत मुद्दलच ४३,२०० जमेल. टायर आणि बॅटरी तुमच्या पॅकेजमध्ये नव्हत्याच, हेही लक्षात घ्या.

गाडी देताना जॉब कार्डवर (कामांची यादी असलेल्या कागदावर) लिहून घ्या: "विचारल्याशिवाय जादा काम करू नये." ऑइलचा ग्रेड मालकाच्या पुस्तिकेतलाच आहे का बघा, काढलेले जुने पार्ट मागून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड आणि गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) पुसून पुन्हा घाला आणि काढून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. खाली फरशीवर तेलाचा थेंब दिसला तर ड्रेन प्लग किंवा ऑइल फिल्टर नीट बसलेला नसेल, गाडी लगेच परत न्या. ब्रेक ऑइलची पातळी पुढे हळूहळू उतरत गेली तर बहुधा पॅड झिजलेत. वरून ऑइल भरण्याआधी पॅड तपासून घ्या. टायरमधली हवा पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे भरा.