‘जनुकांचा शोध’ : लागला की चालू आहे?

‘बुद्धिमत्तेच्या जनुकांचा शोध’ असे शीर्षक वाचले, तर जनुके सापडली असे समजायचे की शोधणे चालू आहे असे, असा प्रश्न आला आहे.

दोन्ही अर्थ होतात. ‘शोध’चा अर्थ मराठीत क्रियापद ठरवते. हरवलेल्या मुलाचा शोध घेतात, पेनिसिलिनचा शोध लागतो, आणि टेलिफोनचाही लागतो. शीर्षकात क्रियापद गळाले की अर्थ अधांतरी राहतो. हिंदीत तर ‘शोध’ म्हणजे आपले ‘संशोधन’.

एरवी संदर्भावरून निभावते. इथे निभावत नाही, कारण या क्षेत्रात ‘लागला’ म्हटलेला शोध मागे घ्यावा लागला आहे. १९९८ मध्ये लंडनचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्लोमिन यांच्या गटाला सहाव्या गुणसूत्रावरच्या ‘आयजीएफ२आर’ या जनुकाचा उच्च बुद्ध्यांकाशी संबंध दिसला. २००२ मध्ये त्याच गटाने मोठ्या नमुन्यावर पुन्हा तपासले, तेव्हा तो दिसला नाही. पुढे २०१८ मध्ये २,६९,८६७ लोकांच्या माहितीतून बुद्धिमत्तेशी निगडित अशा डीएनएमधल्या २०५ जागा आणि १,०१६ जनुके पुढे आली. एकेकाचा वाटा अगदी कणभर. सगळे मिळूनही माणसामाणसांच्या बुद्धिमत्ता-चाचणीतल्या गुणांच्या फरकापैकी सुमारे ५ टक्केच उलगडतो. याला ‘शोध लागला’ म्हणवत नाही.

त्या शीर्षकातला ‘च्या’सुद्धा मला खटकतो. षष्ठीचा प्रत्यय फार सैल: रामाचे पुस्तक, मातीचे मडके, तापाचे औषध, सगळीकडे तोच. ‘बुद्धिमत्तेचे जनुक’ म्हटले की दाराची किल्ली म्हटल्यासारखे एकास एक नाते डोळ्यांपुढे येते. ‘बुद्धिमत्ता ठरवणारी जनुके’ तर त्याहून चूक. अशा पाहण्यांतून आधी हाती लागतो तो संबंध. तो कशामुळे आहे, हे नंतर तपासावे लागते. म्हणून ‘निगडित’ हा शब्द मला इथे प्रामाणिक वाटतो.

तेव्हा ‘बुद्धिमत्तेशी निगडित जनुकांचा शोध चालू’ असे लिहावे. ‘चालू’ला जागा नसेल, तर ‘निगडित जनुकांच्या शोधात’ म्हणावे. ‘शोधात’ या सप्तमीने सापडल्याचा अर्थ आपोआप गळतो.

जाता जाता: ‘बुद्धी’ दीर्घ, पण ‘बुद्धिमत्ता’तली ‘द्धि’ ऱ्हस्व.