टाइलचा जोड दिसतोय? आधी ऑफसेट कर

अरे, बॅकग्राउंडला परत परत लावायला तू जे चौकोनी चित्र, म्हणजे टाइल, केलंयस, त्यात मधलं डिझाइन मस्त आहे पण कडा तशाच सोडल्यास, म्हणून दोन टाइल जुळतात तिथे रेघ दिसते. गिंप या चित्रं एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट, म्हणजे चित्र सरकवायची सोय, घे, 512 बाय 512 पिक्सेलची टाइल असेल तर आडवं-उभं दोन्हीकडे 256 सरकव, रॅप अराउंड (एका बाजूने बाहेर गेलेला भाग समोरच्या बाजूने आत येतो) चालू ठेव, म्हणजे कडा मधोमध येतात आणि जोड समोरच दिसतो, तो क्लोन टूलने, म्हणजे चित्रातलाच दुसरा भाग त्यावर कॉपी करून, बुजव, फक्त आता बाहेरच्या कडांना हात लावू नको, त्या जुळलेल्याच असतात. सदाशिव पेठेतल्या जुन्या घरांमधल्या नक्षीच्या फरश्या बघ ना, फूल शेजारच्या फरशीत पूर्ण होतं, तसंच तुझं डिझाइन कडेवरून पलीकडे जाऊ दे. एखादा गडद ठिपका असेल तर काढच, रिपीट झाला की डोळा तिथेच अडकतो. सपाट रंग असतील तर फाइल पीएनजी किंवा एसव्हीजी म्हणून सेव्ह कर, जेपीजी नको. आणि मजकुरामागे लावणार असशील तर डिझाइनमधल्या रंगांचा आपसातला कॉन्ट्रास्ट एकदम कमी ठेव प्लीज.