नवोदयच्या तयारीसाठी मुलीला पाचवीला लातूरच्या निवासी क्लासमध्ये ठेवावे का?

आपली मुलगी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातील गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेसाठी तिला पाचवीत लातूरच्या निवासी क्लासमध्ये ठेवावे का, की घरी राहूनही तयारी होऊ शकते, असे आपण विचारले आहे. मी मराठवाड्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षे पाचवीचा वर्ग घेतला असल्याने या विषयावर माझे मत ठाम आहे: पाठवू नये. खर्च हे त्याचे एक कारण आहेच. परंतु त्याच्याही आधी नियमांचे कारण येते, आणि ते क्लासच्या जाहिरातीत सहसा छापलेले नसते.

नवोदयची निवड जिल्हानिहाय होते. उमेदवार ज्या जिल्ह्याचा रहिवासी असेल, त्याच जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत तो पाचवीत शिकत असला पाहिजे. बीड जिल्ह्याचे नवोदय गेवराई तालुक्यात गढी येथे आहे. आपण मुलीचे नाव लातूरच्या शाळेत घातले, तर गढीसाठी ती अपात्र ठरते, कारण ती बीड जिल्ह्यात शिकत नाही; आणि लातूरच्या नवोदयसाठी रहिवासाचा प्रश्न उभा राहतो, कारण आपण लातूर जिल्ह्याचे रहिवासी नाही. याहून महत्त्वाची गोष्ट ग्रामीण जागांची आहे. प्रत्येक नवोदयमधील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. मात्र तो लाभ मिळण्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही इयत्तांचे पूर्ण शिक्षण ग्रामीण भागातील शाळेत झालेले असावे लागते. या तीन वर्षांत एक दिवसही शहरी भागातील शाळेत काढला, तरी मूल शहरी गटात धरले जाते. शासनाच्या अधिसूचनेने शहरी ठरलेला भागही यात येतो. त्यामुळे नगरपंचायत झालेल्या तालुक्याच्या गावी नाव घालतानाही आधी चौकशी करावी. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. त्यांपैकी किमान ६० जागांचा दरवाजा आपल्या मुलीसाठी आज उघडा आहे, आणि तो आपल्याच हाताने, वर फी भरून, लावून घेण्यात काहीही शहाणपण नाही.

यावर आपल्याला एक तोडगा सुचवला जाईल: नाव गावच्या शाळेच्या पटावर राहू द्या, लेकरू मात्र आमच्याकडे ठेवा. हा प्रकार चालतो, हे मी नाकारत नाही. परंतु अर्जासोबतच्या प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही असते, हजेरीपत्रक त्यांच्या ताब्यात असते आणि न येणाऱ्या मुलीची हजेरी लावण्याचे ओझे आपण त्यांच्यावर टाकत असतो. शिवाय मुलीचे पाचवीचे भाषा, परिसर अभ्यास आणि इंग्रजी जवळजवळ बुडते. आणि दहा वर्षांच्या लेकराला या वयात, एका परीक्षेसाठी, पहाटेपासून रात्रीपर्यंत सराव प्रश्नपत्रिकांना जुंपणे मला पटत नाही. निवासी क्लासमधून मुले लागतात, हे खरे; पण त्यांतील कितीतरी मुले घरी राहूनही लागली असती, कारण क्लासवाले चाळणी लावूनच मुले घेतात.

आता परीक्षेचे स्वरूप पाहू, कारण घरी तयारी होते की नाही हे त्यावरच ठरते. एकूण ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तासांचा वेळ असतो. त्यांपैकी मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांचे, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांचे आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांचे असतात. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते. अर्ज भरताना भाषा तेवढी नीट निवडावी. सामान्य ज्ञान या परीक्षेत नाही. म्हणून सामान्य ज्ञानाची जाडजूड पुस्तके आणून राजधान्या पाठ करून घेण्यात वेळ घालवू नये.

निम्मे गुण आकृत्यांचे आहेत आणि नेमका हाच भाग शाळेत शिकवला जात नाही. त्यात दहा प्रकार असून प्रत्येकाचे चार प्रश्न येतात: वेगळी आकृती ओळखणे, तंतोतंत जुळणारी आकृती शोधणे, अपूर्ण नमुना पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका, समसंबंध, भौमितिक आकृती पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घातलेल्या कागदाला पाडलेली छिद्रे, तुकडे जोडून होणारी आकृती आणि लपलेली आकृती. यासाठी पुस्तकाआधी वस्तू हातात द्याव्यात. आरशासाठी घरातील लहान आरसा पुरतो. प्रश्नात आरशाची रेघ जिथे दाखवलेली असते, तिथे आरसा उभा धरून मुलीने स्वतः पाहावे आणि आकृतीची डावी बाजू उजवीकडे जाते, पण वरची बाजू वरच राहते, हे तिने आपल्या शब्दांत सांगावे. शिष्यवृत्तीच्या सरावात पाण्यातील प्रतिमाही येते आणि मुले या दोहोंची गल्लत करतात. म्हणून आरशाची प्रतिमा पक्की होईपर्यंत पाण्यातील प्रतिमेला हात लावू नये.

घडीच्या प्रश्नांसाठी जुने वर्तमानपत्र आणि कात्री घ्यावी. चौकोनी कागदाची आधी उभी आणि मग आडवी, अशी दोनदा घडी घालावी आणि चारही थर जिथे जोडलेले असतात तो बंद कोपरा किंचित कापावा. कागद उघडण्यापूर्वी मुलीला विचारावे की, किती छिद्रे दिसतील? बहुतेक मुले ‘चार’ म्हणतात. कागद उघडल्यावर मधोमध एकच छिद्र निघते. मग तशीच घडी घालून समोरचा सुटा कोपरा कापावा. आता मध्ये काहीच नसते आणि कागदाचे चारही कोपरे गेलेले असतात. घडीच्या मधल्या भागात छिद्र पाडले, तर मात्र चार छिद्रे मिळतात. हे तीन कागद समोर ठेवून मुलगी दहा मिनिटे स्वतःशी विचार करत बसली, तर तिला छापील पन्नास प्रश्न सोडवण्याइतका लाभ होतो. त्यानंतरच प्रश्नसंच उघडावा. सुरुवातीला वेळ अजिबात लावू नये. प्रत्येक उत्तराला ‘हेच का आणि बाकीची तीन का नाहीत’ एवढे मात्र विचारावे. चाळीस प्रश्नांना साठ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, हा हिशेब दिवाळीनंतर आणला तरी चालतो.

गणितात अडचण वेगळी आहे. लसावि-मसावि, शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज हे घटक नवोदयला विचारले जातात; परंतु बालभारतीची जी पुस्तके मी वर्गात वापरत आलो, त्यांत हे घटक सहावीच्या पुस्तकात आहेत, पाचवीच्या नव्हे. त्यामुळे पाचवीत पहिली येणारी मुलगीही इथे अडखळते आणि पालकांना वाटते की, शाळेने काही शिकवलेच नाही. गावातील एखाद्या मोठ्या मुलाकडून सहावीचे गणिताचे पुस्तक मागून घ्यावे आणि तेवढीच प्रकरणे सावकाश शिकवावीत. त्याआधी पाढे तीसपर्यंत, चारही क्रिया आणि अपूर्णांक चोख हवेत. दशांश अपूर्णांकांच्या गुणाकारात ०.२ आणि ०.३ यांचा गुणाकार ०.६ लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहतो; हे उत्तर ०.०६ का येते, ते दशांश-शतांशांच्या चौकटी काढून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या परीक्षेतील पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुका लक्षात घेऊन दिलेले असतात, हे मुलीला उदाहरणांतून दाखवावे. एक वस्तू ४८० रुपयांना विकल्यामुळे २० टक्के नफा झाला, तर खरेदी किंमत किती? घाईत मूल ४८० चे २० टक्के, म्हणजे ९६, काढते, ते वजा करते आणि ३८४ हे उत्तर पर्यायांत दिसताच खूश होऊन वर्तुळ रंगवते. नफा खरेदीवर मोजायचा असतो. म्हणजे १०० ची वस्तू १२० ला गेली, आणि ४८० ही १२० ची चौपट असल्याने खरेदी ४०० रुपये. उत्तर मिळाल्यावर उलटा ताळा करण्याची सवय इथेच लागते: ४०० चे २० टक्के ८०, बेरीज ४८०. तीच गोष्ट लसावि-मसाविची. चोवीस, छत्तीस आणि साठ लिटर दुधाचे तीन कॅन एकाच मापाने पूर्ण मोजायचे आहेत, तर मोठ्यात मोठे माप किती, असे विचारले की मसावि, म्हणजे १२ लिटर. नऊ, बारा आणि पंधरा मिनिटांनी वाजणाऱ्या तीन घंटा एकदा एकत्र वाजल्यावर पुन्हा किती वेळाने एकत्र वाजतील, असे विचारले की लसावि, म्हणजे १८० मिनिटे. रीत मुलांना येते. कोणती रीत लावायची, हे कळत नाही. म्हणून काही दिवस गणित सोडवून न घेता केवळ वाचून ‘इथे काय काढायचे’ एवढेच विचारावे.

भाषेसाठी फार लिहिण्यासारखे नाही. चार उतारे असतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा आणि उत्तर उताऱ्यातील कोणत्या ओळीत आहे, तिथे बोट ठेवायला लावावे. हुशार मुले इथे स्वतःच्या माहितीवरून उत्तर देतात आणि गुण घालवतात.

उत्तरपत्रिकेचा सराव स्वतंत्रपणे करून घ्यावा, कारण ओएमआर पत्रिका बॉलपेनने रंगवायची असते आणि रंगवलेले उत्तर बदलता येत नाही. एक प्रश्न सोडून पुढचा सोडवला, पण वर्तुळ मात्र सोडलेल्या क्रमांकासमोर रंगवले की, पुढची सगळी उत्तरे एका ओळीने घसरतात. कोऱ्या पत्रिकेच्या झेरॉक्स काढून पाच-पाच प्रश्न सोडवायचे, मग ती पाच वर्तुळे क्रमांक पाहून रंगवायची, अशी शिस्त लावावी. गुण कापले जात नसल्याने शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

हे सगळे कोणी घ्यावे, हा आपला खरा प्रश्न असावा. माझ्या मते पाचवीच्या वर्गशिक्षकांना आधी भेटावे. शाळेतून नवोदयला बसणारी चार-पाच मुले असतील, तर शाळा सुटल्यावर तासभर थांबायला बरेच शिक्षक तयार होतात. ते शक्य नसेल, तर गावात डी.एड. झालेला किंवा बारावी विज्ञान शाखेत शिकणारा एखादा मुलगा-मुलगी पाहावी. आपण स्वतः गणित शिकवू शकत नसलात, तरी आकृत्यांच्या वेळी शेजारी बसून ‘का’ विचारू शकता. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दीड तास आणि शाळा सुरू झाल्यावर एक तास, एवढा अभ्यास दहा वर्षांच्या मुलीला पुरतो. परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास असते आणि अर्ज पावसाळ्याच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच ऑनलाइन भरावा लागतो. अर्जाला शुल्क नाही. शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारीख आत्ताच पाहून घ्यावी, कारण वयाची चौकट कडक असते: २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ती १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ अशी होती, आणि दरवर्षी ती पुढे सरकते. ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. ओबीसी जागेवर अर्ज करायचा असल्यास जात केंद्राच्या यादीत आहे ना, तेही पाहावे.

सैनिक स्कूलसाठीही हीच तयारी चालेल का, असे आपण शेवटी विचारले आहे. अंशतः चालेल. सहावीच्या त्या परीक्षेत ३०० पैकी १५० गुण गणिताचे असतात आणि सामान्य ज्ञानही असते. म्हणजे गणिताचा जोर बराच वाढवावा लागतो. शिवाय तिथली फी नवोदयच्या तुलनेत खूप जास्त आहे. नवोदयमध्ये राहणे, जेवण, पुस्तके आणि गणवेश मोफत असतात. नववीपासून जो विकास निधी घेतला जातो, त्यातूनही मुलींना सूट आहे. आपण शेतीवर अवलंबून आहात, असे लिहिले आहे; त्यामुळे दोन्ही अर्ज भरले, तरी मुख्य तयारी नवोदयची ठेवावी.

निवड झाली तर मुलगी अकराव्या वर्षी वसतिगृहात जाईल आणि नववीत काही विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी हिंदी भाषिक राज्यातील नवोदयमध्ये पाठवले जाते, हे तिला आणि तिच्या आईला अर्ज भरण्याआधीच सांगावे. निवड झाली नाही, तर केलेल्या अभ्यासातील आकृत्या आणि गणित शिष्यवृत्ती परीक्षेला जसेच्या तसे उपयोगी पडते. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निम्मा भाग बुद्धिमत्तेचाच असतो आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आठवीत असतानाच नवोदयच्या नववीतील रिक्त जागांसाठीही वेगळी परीक्षा घेतली जाते. आणि तिच्यासाठीही आठवीची शाळा बीड जिल्ह्यातच असावी लागते.