वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा बोकड बाळाला काय शिकवतो?

प्रश्न : आमचा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. नात्यातल्या एकांनी आम्हाला ‘बेबी आइन्स्टाइन’ या अमेरिकन मालिकेतल्या जुन्या चित्रफिती दिल्या. त्यांतल्या एकीत व्हिन्सेंट व्हॅन गोट नावाचा बोकड, म्हणजे हातात घालून हलवायची बाहुली, एकेक रंग दाखवतो. तो पडद्यावर आला की मुलगा हातातले खेळणे टाकून टक लावून पाहतो आणि मधूनच खुदकन हसतो. तो रंग शिकतो आहे असे सासूबाईंना वाटते, तर माझ्या पतींना हे सगळे निरर्थक वाटते. रोज अर्धा तास ही चित्रफीत दाखवत राहावी का? – एक आई

उत्तर : तुमचा मुलगा त्या चित्रफितीतून रंग शिकत नाही, आणि या वयात त्याने ते शिकावेत अशी अपेक्षाही ठेवू नये. रंगांमधला फरक बाळाच्या डोळ्यांना चार-पाच महिन्यांपासून कळू लागतो. रंगांची नावे मात्र बहुतेक मुले दोन वर्षांची झाल्यानंतर, हळूहळू आणि पुष्कळ घोळ घालत शिकतात. ‘पिवळा’ हा एकच शब्द चेंडूलाही लागतो, फुलालाही लागतो आणि झबल्यालाही लागतो, पण या तिन्ही वस्तूंमध्ये दुसरे काहीच सारखे नसते, हे लक्षात येणे लहान मुलासाठी सोपे नाही. त्यामुळे पिवळा, हिरवा, नारिंगी, जांभळा, लाल आणि निळा अशा सहा रंगांची ओळख त्या बोकडाने कितीही जिव्हाळ्याने करून दिली, तरी तुमच्या बाळापर्यंत पोचतात ते हलणारे तोंड, मोठे डोळे, आवाज आणि रंगांचे झळाळते पट्टे.

सासूबाईंचे निरीक्षण खोटे नाही. बाळ खरोखरच एकाग्र होते. पण टक लावून पाहणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांच्या मुलांना ‘टेलिटबीज’ हा कार्यक्रम दोन प्रकारे दाखवला गेला. एका प्रकारात तो जसाच्या तसा होता, तर दुसऱ्यात दृश्यांचा क्रम विस्कटलेला किंवा बोलणे उलटे केलेले होते. दीड आणि दोन वर्षांच्या मुलांनी बिघडवलेल्या भागाकडे कमी वेळ पाहिले, म्हणजे काहीतरी जुळत नाही हे त्यांना जाणवले. सहा आणि बारा महिन्यांच्या मुलांनी मात्र दोन्ही भाग सारख्याच तन्मयतेने पाहिले. अकरा महिन्यांच्या बाळाच्या टक लावण्यावरून त्याच्या शिकण्याचा अंदाज बांधता येत नाही, तो यामुळेच.

या मालिकेची पार्श्वभूमीही थोडी सांगायला हवी, कारण पालकांच्या अपेक्षा तिथूनच तयार झाल्या. ज्युली एग्नर-क्लार्क या पूर्वाश्रमीच्या शिक्षिकेने जॉर्जिया राज्यात १९९६-९७ च्या सुमारास, आपल्या लहान मुलीला संगीत, चित्रे आणि कविता यांची गोडी लागावी या इच्छेतून हे काम सुरू केले. त्याआधी १९९३ मध्ये मोझार्टचे संगीत ऐकल्यावर बुद्धी वाढते अशी हवा निर्माण झाली होती. तो मूळ प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेला होता, त्यातला फायदा एका ठरावीक प्रकारच्या आकृत्यांच्या कोड्यांपुरता होता आणि तो दहा-पंधरा मिनिटेच टिकला होता. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. तरीही ती कल्पना बाळांच्या बाजारात पोचली. २००१ मध्ये डिस्नेने ही कंपनी विकत घेतली, ग्राहक हक्कांच्या संघटनांनी ‘शैक्षणिक’ या दाव्यावर आक्षेप घेतले आणि २००९ मध्ये डिस्नेने ज्या ग्राहकांना डीव्हीडी परत करायच्या होत्या त्यांना पैसे परत देऊ केले. मूळ हेतूबद्दल मला शंका नाही. मुलाला सुंदर गोष्टी दाखवाव्यात ही इच्छा प्रामाणिकच होती. तिला बुद्धिवर्धनाची जोड दिल्यामुळे पालकांची दिशाभूल झाली, एवढेच माझे म्हणणे आहे.

तुमच्या पतींच्या मताकडे वळताना दोन अभ्यास सांगतो. २००७ मध्ये सिॲटलच्या संशोधकांनी पालकांना दूरध्वनीवर प्रश्न विचारून असे नोंदवले की आठ ते सोळा महिन्यांच्या मुलांमध्ये, रोज जितके तास बाळांसाठीच्या चित्रफिती पाहिल्या जातात, त्यांतल्या दर तासामागे मुलाला समजणारे सहा ते आठ शब्द कमी आढळले. डिस्नेने हा निष्कर्ष मागे घेण्याची मागणी केली आणि विद्यापीठाने ती नाकारली. पुढे २०१४ मध्ये त्याच माहितीची दुसऱ्या संशोधकांनी फेरतपासणी केली, तेव्हा हा संबंध वाटला होता तितका पक्का नसल्याचे दिसले. त्यामुळे या चित्रफितींनी मुलाची भाषा बिघडतेच, असे मी म्हणणार नाही. फायदा मात्र दिसलेला नाही. २०१० मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांनी चार आठवडे शब्द शिकवणारी डीव्हीडी पाहिली, आणि ती न पाहणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना अधिक शब्द आले नाहीत. सर्वांत जास्त शब्द शिकली ती मुले, ज्यांना पालकांनीच दिवसभराच्या वावरात ते शब्द शिकवले होते. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट पुढे आली, जी सासूबाईंना अगदी हळुवारपणे सांगावी: ज्या पालकांना ती डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपले मूल प्रत्यक्षापेक्षा जास्त शिकल्यासारखे वाटत होते.

आता बोकडाबद्दल, कारण मला त्याला घराबाहेर काढायचे नाही. बाळे बाहुल्यांकडून शिकतात, आणि ते फार लहानपणापासून. १९९० च्या दशकातल्या एका प्रयोगात संशोधक हातात ससा किंवा उंदीर अशी बाहुली घालून बाळासमोर बसत. बाहुलीच्या हातात मोजा असे आणि त्यात छोटी घंटा असे. मोजा काढायचा, तो हलवून घंटा वाजवायची आणि पुन्हा तो बाहुलीच्या हातात घालायचा, एवढीच कृती काही वेळा दाखवायची. दुसऱ्या दिवशी तीच बाहुली पुढे आली की वर्षाची मुले आपणहून मोज्याकडे हात नेत. जास्त वेळा दाखवल्यास सहा महिन्यांच्या बाळांनाही चोवीस तासांनी ती कृती आठवे. पुढे हेच पडद्यावरून दाखवून पाहिले, तेव्हा एक ते पावणेदोन वर्षांच्या मुलांना तेवढेच शिकायला जवळजवळ दुप्पट वेळा पाहावे लागले. बाहुली तीच, कृती तीच; फरक होता तो ती समोर असण्याचा.

ओळखीचाही मोठा वाटा असतो. २०११ मधल्या एका अभ्यासात एकवीस महिन्यांच्या मुलांना एकात एक बसणारे पेले क्रमाने लावण्याची कृती पडद्यावर एल्मो या परिचित पात्राने करून दाखवली, तेव्हा ती चांगली शिकली. अनोळखी पात्राने दाखवली तेव्हा तशी शिकली नाहीत. नंतर त्याच अनोळखी पात्राचे मऊ खेळणे काही मुलांना तीन महिने आधी देण्यात आले आणि मुले त्याला मांडीवर घेऊ लागली, भरवू लागली, झोपवू लागली. ज्यांनी त्याची अशी माया केली, ती त्या पात्राकडून पडद्यावरही अधिक शिकली.

म्हणून माझा सल्ला असा की रोजचा अर्धा तास बंद करावा आणि तशीच एखादी बाहुली तुमच्या हातात यावी. ती बोकडच असायला हवी असे नाही. बाळाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बाहुली धरा. प्रत्येक अक्षरागणिक तिचे तोंड उघडू द्या, अखंड उघडझाप नको. एक वाक्य बोलून थांबा आणि बाळाने हुंकार दिला, हात पुढे केला किंवा नुसते पाहिले तरी बाहुलीने त्याला उत्तर द्यावे. चित्रफितीतल्या बोकडाला नेमके हेच करता येत नाही. बाळ हसले काय आणि रडले काय, तो पुढच्या रंगाकडे जातो. बाळ ज्या वस्तूकडे बघत असेल तिचेच नाव बाहुलीच्या तोंडून येऊ द्या. पाच मिनिटे पुरेशी आहेत. बाळाने मान फिरवली की खेळ थांबवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळांसाठी पडद्यासमोर बसून घालवलेला वेळ मुळीच सुचवलेला नाही. क्वचित एखाद्या दिवशी चित्रफीत लागली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, पण तेव्हा शेजारी बसा आणि बोलत राहा.

प्रश्न : माझी नात दीड वर्षाची आहे. हातात घालायची अस्वलाची बाहुली आणली, तर ती घाबरून रडू लागली. टीव्हीवरचे अस्वल मात्र तिला आवडते. असे का? – एक आजोबा

उत्तर : पडद्यावरचे अस्वल अंगावर येत नाही, तुमच्या हातातले येते, आणि त्याला तुमचाच आवाज असतो, ही गोष्ट या वयात गोंधळात टाकणारी आहे. बाहुली प्रथम हातात न घालता तिच्या खेळण्यांत नुसती पडू द्या. तिने ती उचलली, ओढली, फेकली की मग तिच्या देखत हात आत घाला, बाहेर काढा, पुन्हा घाला, म्हणजे आत आजोबांचा हात आहे हे तिला दिसेल. बाहुलीने सुरुवातीला तिच्याशी न बोलता तुमच्याशी बोलावे आणि नात ते पाहत असावी. बाहुलीचे डोळे बटणांचे किंवा चिकटवलेले असतील तर ते काढून धाग्याने भरून घ्यावेत, कारण या वयात सुटलेली वस्तू थेट तोंडात जाते.