लंडनमध्ये मुलांची शाळेची वाट

आपण विचारले आहे की, येत्या जूनमध्ये अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा घेऊन लंडनला राहायला जायचे आहे, तिथल्या मोबाइल हिसकावण्याच्या आणि चाकूहल्ल्यांच्या बातम्या वाचून जीव घाबरा होतो, तर घर कोणत्या भागात घ्यावे आणि मुलांना एकटे कधीपासून सोडावे. मला सोलापूर सोडून १४ वर्षे झाली. माझी दोन्ही मुले लंडनच्याच शाळांत शिकली. सध्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी माहेरी, सोलापूरच्या पूर्व भागात आले आहे, त्यामुळे दोन्ही गावे डोळ्यांसमोर ठेवून लिहिते.

भागाच्या नावावरून घर ठरवू नका, हे माझे पहिले सांगणे. लंडनमध्ये एक गल्ली अगदी निवांत आणि तिच्यापासून पाच मिनिटांवरचा बसथांबा मात्र त्रासाचा, असे सर्रास आढळते. माझ्या पाहण्यातल्या मुलांना जो काही त्रास झाला तो शाळा सुटल्यापासून घराचे दार उघडेपर्यंतच्या वेळात झाला. म्हणून आधी शाळेची वाट पाहावी आणि मग त्या वाटेवरचे घर पाहावे.

यात एक अडचण आहे. वर्षाच्या मध्येच येणाऱ्या मुलांना स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, किंवा काही ठिकाणी थेट शाळेकडे अर्ज करावा लागतो आणि ज्या शाळेत त्या इयत्तेत जागा रिकामी असेल तीच मिळते. जवळची शाळा भरलेली असली तर मुलीला दोन बस बदलून जावे लागेल आणि तुम्ही कितीही चांगल्या गल्लीत घर घेतले तरी त्याचा उपयोग उरणार नाही. तेव्हा वर्षभराच्या भाडेकरारावर सही करण्यापूर्वी त्या कौन्सिलला विचारा की आसपासच्या कोणत्या शाळांत आपल्या मुलांच्या इयत्तेत जागा आहे.

इंग्लंडमधील पोलिसांचे एक संकेतस्थळ आहे, त्यावर पत्ता टाकला की त्या परिसरात कोणत्या महिन्यात कोणत्या प्रकारचे गुन्हे नोंदले गेले ते नकाशावर दिसते. हा नकाशा जरूर पाहा, पण जपून वाचा. त्यावरचे ठिपके नेमक्या घरावर नसून जवळच्या एखाद्या ठरावीक बिंदूवर दाखवलेले असतात, आणि स्टेशन वा बाजारपेठेभोवती ते दाट दिसणारच, कारण तिथे दिवसभर माणसांची वर्दळ असते. मी एकूण आकड्याऐवजी ‘रॉबरी’ (धाक दाखवून वा बळाने लुटणे) आणि ‘थेफ्ट फ्रॉम द पर्सन’ (अंगावरची वा हातातली वस्तू चोरणे) हे दोनच प्रकार, तेही मुलांच्या वाटेवरचे आणि वर्षभराचे, पाहत असे.

जूनमध्ये घर पाहणाऱ्याची हमखास फसगत होते ती उजेडामुळे. तेव्हा तिथे रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, उद्यानांत मुले खेळत असतात, कोणतीही पाऊलवाट सुरेखच वाटते. डिसेंबरात मात्र दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि शाळा सुटते सव्वातीन-साडेतीनच्या सुमारास, म्हणजे तासभर खेळून वा वाचनालयात थांबून निघालेले मूल अंधारातच घरी येते. उद्यानामधून जाणारी जवळची वाट आणि दुकानांसमोरून जाणारी लांबची वाट यांत हिवाळ्यासाठी नेहमी दुसरी निवडावी.

माझ्या थोरल्याचा मोबाइल बाराव्या वर्षी बसथांब्यावरच हिसकावला गेला. तो हातात फोन धरून बस किती वेळात येईल ते पाहत होता, सायकलवरून एक मुलगा आला आणि क्षणात फोन घेऊन गेला. त्याने प्रतिकार केला नाही, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते, कारण आम्ही त्याला आधीच सांगून ठेवले होते की वस्तू मागितली तर देऊन टाकायची, मागे धावायचे नाही आणि घरी कोणी रागावणार नाही. हे शेवटचे वाक्य मुलांना आवर्जून सांगा. बोलणी खावी लागतील या धास्तीने मुले झटापट करतात. आपल्या प्रत्येक फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक आजच वहीत लिहून ठेवा. चोरी झाल्यावर फोन बंद करून घेताना आणि पोलिसांना सांगताना तोच लागतो.

तातडीच्या मदतीसाठी तिथे ९९९ आहे, आपल्याकडचा ११२ हा क्रमांकही चालतो, आणि घडून गेलेल्या गोष्टीची तक्रार १०१ वर करता येते. मोबाइलवरून ९९९ लावल्यावर बोलणे शक्य नसेल, तर सूचना ऐकून ५५ दाबायचे असते. हे मुलीकडून पाठ करून घ्या, आणि घराचा पोस्टकोडही.

सामानाबाबत दोन गोष्टी. मुलीसाठी पेपर स्प्रे नेऊ नका. आपल्याकडे तो उघड विकला जातो, तिथे तो बाळगणे हा गुन्हा आहे. मोठा आवाज करणारा छोटा अलार्म मात्र चालतो. आणि तिच्या गळ्यातली सोन्याची चेन आजीकडेच राहू द्या. आशियाई घरांतल्या सोन्यावर चोरांचा डोळा असतो, म्हणून दिवाळीच्या सुमारास तिथले पोलीसही सावध करतात.

एकटे कधी सोडावे, याचे वय इंग्लंडच्या कायद्यात ठरवलेले नाही, पण मूल धोक्यात येईल असे सोडल्यास पालक जबाबदार धरले जातात. मुलांसाठी काम करणारी एनएसपीसीसी ही संस्था सांगते की बारा वर्षांखालील मुलांना बराच वेळ घरी एकटे ठेवू नये. शाळेत एकटे जाणे मात्र माध्यमिक शाळेपासून, म्हणजे अकराव्या वर्षी, बहुतेक मुले सुरू करतात. तेव्हा मुलगी लवकरच एकटी जाऊ लागेल, हे गृहीत धरा. पुढे तिच्याकडे न सांगता नवे बूट वा दुसरा फोन दिसला, तर दुर्लक्ष करू नका. अमली पदार्थांची ने-आण करवणाऱ्या टोळ्या मुलांना अशाच भेटवस्तूंनी जवळ करतात.

इथे सोलापूरला आमच्या गल्लीत आजही ओट्यावर बसलेल्या मावश्या तेलुगूत आणि मराठीत मिळून दहा घरांच्या मुलांवर नजर ठेवतात. त्या नजरेमुळे आपली मुले निर्धास्त वाढतात, पण वाटेवर स्वतः लक्ष ठेवण्याची सवय त्यांना लागत नाही. तेव्हा जूनपर्यंत रोज मुलीला एकटीने दुकानात पाठवा, आणि परतल्यावर वाटेत कोण उभे होते, कोणती दुकाने उघडी होती, मदत लागली असती तर ती कुठे शिरली असती, एवढेच विचारा.

मी ३१ जानेवारीला परत जात आहे. आपल्या मनातले दोन-तीन पत्ते आणि शाळा कळवा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिवस लहानच असतात. शाळा सुटण्याच्या वेळेपासून अंधार पडेपर्यंत मी त्या वाटा स्वतः चालून पाहीन आणि जे दिसेल ते लिहीन.